रिले

जुन्या बाजारातून टेम्पोत आडवा आणलात,
तिथंच चुकलं, म्हणाले दस्तगीरभाई.
आता दोन दिवस नुसता उभा ठेवा.
तेल खाली उतरू द्या.

मग रास्ता पेठेत रिलेसाठी चार दुकानं.
‘हा? भंगारात घाला.’
पाचव्यानं डबा उपसला, काही न बोलता.

दाराचं रबर नवं.
दहाची नोट फटीत धरून दार लावलं, ओढली:
सुटली. बिजागरी आवळली.
सुटली.
तिसऱ्यांदा फाटली.
दस्तगीरभाई हसले, पहिल्यांदाच.

रात्री साडेअकराला घरघर सुरू झाली,
पलीकडून खर्डेकरांनी भिंत ठोकली.

सकाळी ट्रे उलटा करून नळाखाली धरला.
एकच तुकडा धड निघाला,
पोटात गंजाचा कण घेऊन,
छप्पन्न सालचा असेल.

टाकला तोंडात.