तिसरा अणू

जालन्यात, एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत माझी खोली.
भिंतीपलीकडे मुनाफभाईचं वेल्डिंगचं शेड.
त्यांच्याकडे आर्गनची सात नळकांडी,
माझ्या स्क्रीनवर आर्गनचे दोन अणू.

शाळेत यांना राजवायू शिकवलं होतं,
कुणाशी सोयरीक नाही, देणं-घेणं नाही.
तरी लांबून ओढ असते, बारीकशी,
अंतराच्या सहाव्या घाताने विरणारी.
फार जवळ आले की ढकलाढकली.
मधे एक उथळ खड्डा,
पावणेचार अँगस्ट्रॉमवर. तिथं बसावं त्यांनी.

बसत नाहीत. मे महिना आहे.
तेवढ्याशा ओढीनं या उकाड्यात कोण थांबतं?
मी तापमान उतरवते, उणे दोनशे,
बंद पंख्याखाली घाम पुसत.

मग येतात एकेक, ओळीनं बसतात.
दोघादोघांची बेरीज करून स्फटिकाची ऊर्जा काढली:
शंभराला आठ जादा.
तीन आठवडे मी माझाच कोड तपासत होते.

चूक कोडमध्ये नव्हती.
तिसरा नुसता शेजारी असला
तरी दोघांमधलं बळ बदलतं,
आणि त्याला मी समीकरणात जागाच दिली नव्हती.

मुनाफभाई दारात, काच कपाळावर.
"ताई, रातभर काय बघायलात?"
तुमचाच गॅस, म्हटलं.
"त्याच्यात काय बघायचं? काहीच करत नाही तो.
जोड तापला की बाजूनं उभा राहतो,
हवा लागू देत नाही. बास."

बास.
मी फाइल पुन्हा उघडली.