डब्यासकट

लातूरच्या डाळमिलीत
माझा प्रोग्राम ऐकतो
तुरीचं टरफल सुटल्याचा आवाज.

मुंबईहून पत्र आलं: कलम तीन-के.
नुसती आज्ञावली, नुसतं गणित.
हा शोध नव्हे.

वकील म्हणाले,
'नुसती' एवढंच पुसायचंय,
यंत्राला जखडा.

मग पत्र्याचा डबा, माईक, चार नटबोल्ट,
रोलरची फट आपोआप हलवणारी मोटर.
दावा नव्यानं लिहिला.
तेच गणित, अंगात सदरा.

मैनोद्दीनचाचा डबा बघून हसले.
तीस वर्षं रोलरला कान लावून
ते म्हणत आले, 'आता सोड!'
त्या 'आता'वरच तर शिकला प्रोग्राम.

"माझ्या कानाला कोणता डबा बसवितीस, बाई?"

अर्जावर शोधकर्त्याचा रकाना.
मी माझं नाव लिहिलं,
आणि पेनाचं टोपण
बराच वेळ सापडेना.