पाचवी ब

घाईत कुणीतरी यादीत लिहिलेलं: जिलेबी शेख.
मी खोडायला गेलो, तर झुलेखाबी म्हणाली,
राहू द्या, तेवढंच गोड आज घरात.

घरात म्हणजे विद्याविहारच्या मनपा शाळेत,
पाचवी ब, खिडकीकडची पाच बाकं.
फळ्यावर शुक्रवारचे अपूर्णांक तसेच.
पाइपलाइनलगतची घरं
शनिवारी सकाळी पाडली.

मी वाटत होतो बादली, मग, सतरंजी,
तांदूळ दहा किलो, सही इथं, नाहीतर अंगठा.
तिनं सुईदोरा मागितला.
तो यादीतच नव्हता.
दुसऱ्या दिवशी बायकोच्या डब्यातून नेऊन दिला,
अर्धं रीळ, काळं.

मग तेल आलं म्हणून चार दिवसांनी गेलो,
तर बाकांपुढे पडदा.
तांदळाच्या दोन गोणी उसवून जोडलेल्या,
टाके बारीक, माझ्या आईलाही जमले नसते,
आणि उलटी अक्षरं: विक्रीसाठी नाही.

पडदा सारून मी पाय आत टाकला.

"साहेब, चप्पल बाहेर."

पाच लिटरचा डबा काखेत,
व्हरांड्यात एका पायावर उभा राहून
मी पट्टा सोडू लागलो.