निरोपाला लागणारा वेळ

सोनेगावच्या टर्मिनलची एक नक्कल
माझ्या लॅपटॉपमध्ये चालते.
तिच्यात पहाटेचे चार वाजायला
नऊ सेकंद लागतात.

माणसं म्हणजे निळे ठिपके.
ठिपक्याला बॅग असते, फ्लाइट असते,
चालण्याचा वेग असतो,
तहान नसते.
नागपूरचा उन्हाळा त्याला कुणी सांगितलेला नसतो.

एवढ्यासाठी मी आणि चेतन उईके
बावीस दिवस उभे होतो स्टॉपवॉच घेऊन.
चेक-इन, सरासरी शंभर सेकंद.
तपासणीचा ट्रे, चाळीस.
संत्र्यांची पेटी असेल तर वर अजून पंचवीस,
कारण सुतळी सुटते आणि एक संत्रं
हमखास पळतं पट्ट्याखाली.
तेही मॉडेलात घातलं.

तरी आकडे जुळेनात.
माझे ठिपके चार दहालाच रांगेत,
आणि खरी रांग रिकामी.
मग चार पस्तीसला एकदम लोंढा,
सगळा ताण मेश्राम मॅडमच्या मशीनवर,
आणि मॅडम मलाच विचारतात,
"काहून वं पोरी, झोपला होता का तुझा कम्प्युटर?"

तीन रात्री कोड तपासला.
चौथ्या रात्री चहा प्यायला बाहेर आले
आणि चूक तिथेच उभी होती, कठड्याला टेकून.

बुटीबोरीचा एक वेल्डर मस्कतला निघालेला.
तिकीट हातात. दार सहा पावलांवर.
बाप त्याच्या बॅगेची चेन उघडतो,
सांबारवडीचा डबा सरळ करतो, चेन लावतो.
पुन्हा उघडतो.
डबा सरळच असतो.

सवयीने घड्याळ दाबलं गेलं माझ्याकडून:
अकरा मिनिटं, चाळीस सेकंद.

मग दाराच्या अलीकडे एक नवा चौकोन काढला.
नाव दिलं: निरोप.
खिडकी नाही, कर्मचारी नाही, क्षमता अमर्याद.
किमान वेळ शून्य
(टाय लावलेले लोक टॅक्सीतून थेट आत जातात, फोनवर बोलत).
कमाल वेळेचा रकाना मोकळा सोडला.

ठिपके दारात घुटमळू लागले.
चार पस्तीसला लोंढा आला, अगदी खऱ्यासारखा.

अहवालात तीन शिफारशी आहेत.
दुसरं मशीन चार वीसलाच सुरू करा.
ट्रे परत आणायला एक माणूस वाढवा.
बाहेर, कठड्याच्या अलीकडे, दोन पंखे.

तिसरीपुढे साहेबांनी पेन्सिलीने विचारलंय,
याने रांग किती कमी होते?

शंभर वेळा चालवून पाहिलं.
होत नाही, सर.
थोडी उशिराच लागते.