किती देते?

लिलावात लॉट नंबर एकोणचाळीस:
जोंगा एक, टायर तीन, बॅटरी नाही.
जशी आहे तशी, जिथं आहे तिथं.
बोली लावायला हात वर केला
आणि खाली घ्यायचं भान राहिलं नाही.

आरटीओतला बाबू म्हणाला, हा रंग चालणार नाही,
हिरवा सोडून काहीही मारा.
राखाडी मारला. दोन हात.
तरी दाराच्या बिजागरीपाशी नखानं खरवडलं
की आतून हिरवाच निघतो.

पहिल्या दिवशी कुमुद बसलीच नाही.
"मेथीची जुडी आणाले रणगाडा?"
दुसऱ्या दिवशी बसली,
रहाटपाळण्यात बसतात तशी, दांडी घट्ट धरून.

बर्डीवर सिग्नलला थांबलो की
शेजारच्या स्कूटरवरून ठरलेला प्रश्न,
"भाऊ, किती देते?"
सहा. गर्दीत पाच.
"बाप्पा!" म्हणतो तो
आणि मान अशी हलवतो
जसं आमच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलंय.

व्हरायटी चौकातल्या शिपायानं
लांबून गाडी पाहून पट्टा सरळ केला,
जवळ आल्यावर नंबर वाचला, एमएच एकतीस,
पट्टा पुन्हा सैल सोडला.
महालच्या गल्लीत ई-रिक्षावाले आपणहून मागे सरतात.
हेच लोक, परवापर्यंत माझ्या स्कूटीला कट मारणारे.

बारापात्रे काकू गॅलरीतून ओरडल्या,
"काऊन रे, लढाई लागली का?"
"नाही काकू, दळण आणायला चाललो."
"मंग थांब," म्हणाल्या,
आणि दोरीनं गव्हाचा डबा खाली सोडला.

हे सगळं हसण्यावारी नेलं.
पण फुटाळ्यावर, कणसं भाजणाऱ्या पोरानं
पंखा थांबवून विचारलं,
"सर, कुठं होती पोस्टिंग?"
आणि मी, इतवारीत टाइल्स विकणारा,
डिसेंबरातल्या नागपूरपेक्षा जास्त थंडी
ज्यानं कधी पाहिली नाही असा मी,
म्हणालो, "लेह."
त्यानं पैसे घेतले नाहीत.
लिंबू दोनदा चोळून दिलं.
कणीस मी उभ्यानं खाल्लं, पूर्ण.
एक दाणाही टाकायची हिंमत झाली नाही.

मग कामठी रोडच्या पंपावर
सायकल भिंतीला टेकवून एक म्हातारा आला.
माझ्याकडे पाहिलंच नाही.
बॉनेटवर तळहात ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा,
एक चक्कर मारली, वाकून खाली पाहिलं.
"डावीकडं वढते?"
"हो! ही तुमच्याच..."
"साऱ्याच वढत."

नाव सांगितलं, झिबल उईके. हुद्दा नाही सांगितला.
"तू कोन्या युनिटचा?"
जिभेवर लेह होतंच.
"इतवारी," म्हणालो. "टाइल्सचं दुकान."
तेव्हा हसला. वरचे दोन दात नव्हते.
"मंग बरं हाय. कामठीपर्यंत सोड."

सायकल आत टाकली. मी पुढचं दार उघडलं,
तर तो मागे चढला,
आडव्या बाकावर, डब्यांच्या बाजूला,
तोंड मागच्या रस्त्याकडे.
आरशात मला फक्त त्याची टोपी दिसत राहिली
आणि टोपीच्या पलीकडे
दूर दूर जाणारं नागपूर.

ऑटोमोटिव्ह चौकात लाल लागला.
शेजारी बुलेट. काच वर.
"भाऊ, भारी गाडी! किती देते?"
मी सहा म्हणणार,
तेवढ्यात मागून, मान न वळवता,
"देते काय बे? घेते."

बुलेटवाल्याला कळलं नाही.
मलाही, खरं तर, किती कळलं कुणास ठाऊक.
हिरवा झाला, क्लच जरा लवकर सुटला,
गाडीनं हिसका दिला
आणि काकूंच्या डब्याचं झाकण उडालं.

उईकेंच्या पॅन्टवर, चपलांवर पीठ.
झटकलं नाही त्यांनी.
कामठीला उतरून सायकलवर तसेच गेले,
पांढरे, सरळ.

काकूंना पीठ भरून द्यायचंय.
आणि कणसाचे वीस रुपये,
ते अजून राहिलेत.