कन्ना चौक, दुपारी सव्वा वाजता

विड्यांचं सूप घेऊन निघालेली बाई
कन्ना चौकात कोसळली
तेव्हा डांबर चपलेला चिकटत होतं.

आम्ही धावलो, हे खरं.
विड्या गोळा केल्या सगळ्यांनी,
फुंकून फुंकून, एकही कट्टा सुटू न देता,
सूप तिच्या उशाशी नीट ठेवलं.
तिला हात कुणी लावला नाही.

"एकशे आठला फोन?"
"केला असेल की कुणीतरी."
पानवाला इरण्णा माझ्याकडे बघत होता,
मी रिक्षावाल्याकडे,
रिक्षावाला त्याच्या बंद मीटरकडे.

माझ्या खांद्यावर टर्किश टॉवेलांचा गठ्ठा, बारा डझन.
एक ओला करून कपाळावर ठेवता आला असता.
पण पॅकिंग फोडलं की सेठ माल परत घेत नाही,
आणि मागे वीस-पंचवीस माणसं उभी,
एकाकडे तरी रुमाल असणारच.

मग एक पोरगी घुसली,
रिकामी कळशी कडेवर,
गर्दी बघून तिला वाटलं टँकर आला.
बाईला पाहिलं. माझ्या छातीवर बोट रोखून
तेलुगूत ओरडली, "नीळ्ळु!"

पिशव्यांतून सतरा बाटल्या निघाल्या.
माझीही.
अजून गार होती.