दहा ओळी

मंगळवार, ६ ऑक्टोबर १९८७.
मिसेस ह्यूइटनी आज फळ्यावर पाच धातू लिहिले.
लॅटिन मेली, म्हणाल्या, पण मुळं जिवंत आहेत,
तुम्ही ती रोज तोंडात घोळवता.
मागच्या बाकावर ड्वेननं जीभ बाहेर काढून तपासली.

गृहपाठ: एकेका धातूचे तीन-तीन शब्द,
शिवाय रोजनिशीत दहा ओळी, कशाबद्दलही.
खाजगी असेल तर पान दुमडा, मी वाचणार नाही.
(मागे मी एक पान दुमडून आत लिहिलं होतं, "वाचलंत ना?"
त्या काहीच बोलल्या नाहीत.
म्हणजे त्या खऱ्या आहेत, नाहीतर फार हुशार.)

वर्गातल्या मेनच्या नकाशात आमचं गाव
खिळ्याच्या डोक्याखाली येतं.
कागदगिरणीच्या संपाला आज सत्तेचाळीस दिवस.
सडक्या कोबीचा तो वास, ज्याला जन्मभर नावं ठेवली,
आता येत नाही,
आणि जो तो हवा हुंगत फिरतो.

मम्माची वृद्धाश्रमात रात्रपाळी.
पापा घरी. हातांना काम नाही,
म्हणून माझ्या पेन्सिली सुरीनं तासत बसतो,
सगळ्या, टोचतील इतक्या.

मी मोठ्यानं वाचलं, 'मान्'.
सुरी न थांबवता पापा म्हणाला, "मॅं. हात."
'पोर्त'?
"पोर्ते. वाहून नेणं."
'स्क्रिब'?
सुरी थांबली. "एक्रीर. लिहिणं."
शब्दकोश माझ्या मांडीवर मिटलेलाच.
पापा, तू लॅटिन कधी शिकलास?
"कुठली लॅटिन! हे आमच्या स्वयंपाकघरातलं आहे."

मग लिहून दे ना, म्हटलं.
"बोलता येतं गं. लिहिता नाही येत."

आणि मग पापा बोलला, पेन्सिलीशीच बोलल्यासारखा.
माझीच शाळा. तेव्हा तो आठ वर्षांचा.
मैदानात मित्राला म्हणाला, चेंडू दे.
फ्रेंचमध्ये म्हणाला.
बाईंच्या लाकडी पट्टीला कडेनं पत्रा होता
(हाही धातूच, मी मनात म्हटलं आणि मलाच लाज वाटली).
आधी बोटांवर पट्टी, मग त्याच बोटांनी
शंभर वेळा इंग्रजीत लिहायचं:
मी शाळेत फ्रेंच बोलणार नाही.
"अक्षरं नुसती गिरवली. अर्थ कुठे कळत होता?
घरी येऊन आईला विचारला.
तिनं सांगितला, फ्रेंचमध्ये."
एवढं बोलून पापा हसला. मी नाही.
"कागद मात्र झकास होता," म्हणाला,
"आपल्याच गिरणीचा. माझ्या बापाच्या पाळीतला असेल."

मी वही त्याच्याकडे फिरवली.
त्यानं पेन्सिल स्क्रूड्रायव्हरसारखी धरली,
टोक मोडलं. दुसरी घेतली.
माझं नाव लिहिलं, ओदील,
आणि खाली 'हात', त्याच्या कानाला ऐकू येतो तसा.
"ह्यात एखादं मुकं अक्षर राहिलं का गं?"
राहिलं होतं.
मी खोडरबर उचलला, आणि परत ठेवला.

दहा ओळी केव्हाच संपल्यात.
पान दुमडलं होतं. मग उलगडलं.
आता घडी मोडत नाही,
नेमकी पापाच्या शब्दावरून जाते.
मिसेस ह्यूइट, वाचायचं असेल तर वाचा.
लाल पेन मात्र नको.

'रप्ट' म्हणजे तुटणं, त्याचे दोनच शब्द मिळाले.
पाचवा धातू 'टॅक' राहिलाय: गप्प बसणं.
पापा खुर्चीतच झोपलाय, मांडीवर पेन्सिलींचा भुसा.
ह्या एकासाठी त्याला उठवत नाही.